परीक्षा नेमकी कशाची?



या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेत बोलण्याची संधी आपण मला दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे आयुष्य फळा, खडू आणि उत्तरपत्रिका यांच्या सहवासात गेले. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी मी विषयही उत्तरपत्रिकेचाच निवडला आहे. दिव्यांग विद्यार्थ्यांना परीक्षेत लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो, प्रसंगी एखाद्या भाषेतून सूट मिळते. या सोयी कोठून आल्या, त्यांच्यामागे कोणता विचार आहे आणि सांबऱ्यासारख्या सीमाभागातील गावात त्यांचा अर्थ काय होतो, हे इतिहासाच्या आधाराने मांडण्याचा माझा प्रयत्न राहील.

या सोयींना आपल्याकडे सर्रास ‘सवलत’ म्हणतात. एस. टी.च्या भाड्यात सवलत असते, कापडाच्या दुकानात दिवाळीला सवलत असते. सवलत देणारा उदार आणि घेणारा उपकृत, असा या शब्दाचा भाव आहे. माझे म्हणणे असे की, परीक्षेतील सोयींना हा शब्द लागू पडत नाही. तो का लागू पडत नाही, हे समजण्यासाठी आधी परीक्षा या संस्थेचाच थोडा इतिहास पाहावयास हवा.

आज आपण जिला परीक्षा म्हणतो, म्हणजे छापील प्रश्नपत्रिका, कोरी उत्तरपत्रिका आणि भिंतीवरचे घड्याळ, ती आपल्याकडे फार जुनी नाही. इंग्रजी अमलापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा होत्या. मुले धुळपाटीवर अक्षरे गिरवीत हे खरे. परंतु त्या शिक्षणाचा कणा पाठांतर हाच होता. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही सारी तोंडपाठ असावी लागत. सायंकाळी परवचा होई. पंतोजी मुलाला उभे करून विचारीत आणि मूल तोंडाने उत्तर देई. पेशवाईत श्रावणमासात पुण्यास दक्षिणा वाटली जाई, तेथेही शास्त्री-वैदिकांची परीक्षा तोंडीच होत असे. ही व्यवस्था आदर्श होती, असे मी मुळीच म्हणणार नाही. दक्षिणेचा मान एका जातीपुरता होता आणि पंतोजींच्या शाळेचे दार बहुसंख्य समाजाला व मुलींना बंदच होते. तरीही एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. त्या परीक्षेत विद्यार्थ्याच्या डोळ्यांची किंवा बोटांची परीक्षा होत नसे. ज्याला दिसत नाही, त्यालाही औटकी म्हणून दाखविता येत होती.

लेखी परीक्षेची परंपरा जगात सर्वांत दीर्घ काळ चीनमध्ये चालली. तेथील राजसेवेच्या परीक्षा हजार वर्षांहून अधिक काळ चालून १९०५ साली बंद झाल्या. इंग्रजांनी १८५५ साली लंडन येथे सनदी नोकरीसाठी स्पर्धा परीक्षा सुरू केली. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ ची. त्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात असल्यामुळे आपल्या पूर्वजांच्या डोक्यावर मॅट्रिकचे ओझे आले ते याच विद्यापीठाकडून.

लेखी परीक्षेने मोठे उपकार केले, हे मान्य करावयास हवे. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक आला. तपासणाऱ्याला मुलाची जात दिसेना, बापाचा हुद्दा दिसेना. सर्वांना एकच प्रश्न, एकच वेळ आणि एकच माप लागू झाले. आपल्यासारख्या विषम समाजात ही लहानसहान क्रांती नव्हती. परंतु कागदाबरोबर तीन अनाहूत विषयही परीक्षेच्या दालनात शिरले. पहिला डोळा, दुसरा हात आणि तिसरा घड्याळ. या तीन विषयांचे गुण गुणपत्रिकेवर कोठेच छापलेले नसतात. मात्र विद्यार्थी पास की नापास हे पुष्कळदा तेच ठरवितात. इतिहासाच्या पेपरात वस्तुतः इतिहासाचीच परीक्षा व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती इतिहास अधिक दृष्टी, अधिक हस्ताक्षर, अधिक वेग अशी होते. ज्याच्या ठायी ही तिन्ही आहेत त्याला ही बेरीज जाणवतही नाही. ज्याच्या ठायी यांपैकी एक नाही, तो इतिहास येत असूनही नापास होतो.

येथे कोणी विचारील की, दुसऱ्याच्या हाताने लिहिलेले उत्तर त्या विद्यार्थ्याचे कसे मानावयाचे? मराठी माणसाने हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटते. व्यासांनी सांगितले आणि गणपतीने लिहिले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे त्या ग्रंथाच्या अखेरीसच नोंदलेले आहे. आजवर एकाही वारकऱ्याने त्या ग्रंथाला सच्चिदानंदबाबांची ज्ञानेश्वरी म्हटलेले नाही. विदर्भातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज यांचा जन्म १८८१ चा. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली आणि १९१५ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. तेवढ्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ दुसऱ्यांना सांगून लिहविले. ते सारे ग्रंथ त्यांच्याच नावावर आहेत. स्वतः न्यायमूर्ती रानडे यांची दृष्टी विद्यार्थिदशेपासून अधू होती. पुढील आयुष्यात त्यांना पुष्कळसे वाचन दुसऱ्यांकडून करवून घ्यावे लागे आणि त्या वाचणाऱ्यांत रमाबाईही होत्या. म्हणून त्यांचे निवाडे किंवा त्यांचे अर्थशास्त्रीय निबंध दुसऱ्याचे ठरले नाहीत. ग्रंथकर्त्याला लेखनिक चालतो, न्यायाधीशाला वाचक चालतो. मग दहावीच्या विद्यार्थ्यालाच तो का चालू नये?

अंधांच्या शिक्षणाचा आधुनिक इतिहास पॅरिसपासून सुरू होतो. व्हालांतँ आउय यांनी १७८५ च्या सुमारास तेथे अंध मुलांची शाळा काढली. याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेल यांनी १८२९ साली सहा ठिपक्यांची आपली लिपी प्रसिद्ध केली. भारतात पहिली अंधशाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. पुढे ती डेहराडूनजवळ राजपूरला गेली. मुंबईत मूकबधिरांची संस्था १८८५ च्या सुमारास उभी राहिली होती. अंधांसाठी ॲना मिलार्ड यांची अमेरिकन मिशनची शाळा १९०० साली आणि व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा १९०२ साली सुरू झाली. दक्षिणेकडे म्हैसूर येथे एम. श्रीनिवासराव यांनी १९०१ साली अंध आणि मूकबधिर मुलांची शाळा सुरू केली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची.

सीमाभागाच्या दृष्टीने यातील एक तपशील महत्त्वाचा आहे. त्या काळी भारतात ब्रेलची एकच पद्धत नव्हती. मुंबईकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची पद्धत होती. ते स्वतः अंध झालेले वैद्य होते. म्हैसूरची पद्धत वेगळी होती आणि उत्तरेकडच्या आणखी निराळ्या. म्हणजे बेळगाव भागातील एखादे अंध मूल मुंबईला शिकले असते तर एका लिपीत आणि म्हैसूरला शिकले असते तर दुसऱ्या लिपीत. दोन्हींत ठिपके सहाच, परंतु अक्षरे एकमेकांशी जुळणारी नव्हेत. लिपीवरून दोन बाजूंना ओढले जाण्याचे जे नशीब या भूभागाच्या वाट्याला पुढे आले, ते अंध मुलांच्या वाट्याला आधीच आले होते. १९५१ साली भारती ब्रेल निश्चित झाली आणि सर्व भारतीय भाषांना ठिपक्यांची एक समान व्यवस्था मिळाली. तिची एक गंमत अशी की, मराठीतील ‘क’ आणि कन्नडमधील ‘ಕ’ न म्हणता केवळ क-काराचा एकच ठिपका-समूह दोन्ही भाषांना चालतो. डोळसांच्या लिप्या भांडत राहिल्या. बोटांनी वाचणाऱ्यांची अक्षरे मात्र एक झाली.

ब्रेल आल्यावर अंध विद्यार्थी वाचू लागला, लिहू लागला. मग त्याला लेखनिक कशासाठी? याचे उत्तर विचार करावयास लावणारे आहे. विद्यार्थ्याला ब्रेल येते, परंतु परीक्षकाला येत नाही. त्याने ब्रेलमध्ये उत्तरपत्रिका लिहून दिली तर ती तपासणारा मिळत नाही. म्हणजे पुष्कळ वेळा लेखनिक विद्यार्थ्याला लागत नसून परीक्षकाला लागतो. उणीव मंडळाच्या तपासणी-व्यवस्थेत आहे आणि ‘सवलत’ घेतल्याचा शिक्का मात्र विद्यार्थ्याच्या कपाळी बसतो.

आता आपल्या भागाकडे वळतो. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिकची जागा मुंबई राज्याच्या एस. एस. सी. परीक्षेने घेतली आणि बेळगावची मुले त्या परीक्षेला बसू लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. १९७३ साली म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. या घडामोडींची राजकीय बाजू आपणा सर्वांस ठाऊक आहे, ती मी येथे उगाळीत नाही. शाळेच्या दृष्टीने झाले ते असे: वेंगुर्ला रस्त्यावरील शिनोळीचा मुलगा महाराष्ट्राच्या मंडळाची परीक्षा देतो आणि सांबऱ्याचा मुलगा कर्नाटकाच्या मंडळाची एस. एस. एल. सी. देतो. दोघांची घरची भाषा एक, पाहुणेरावळे एक, जत्रा एक. परंतु परीक्षेचा अर्ज, त्याची मुदत, लेखनिकाचा नियम आणि प्रमाणपत्राचा नमुना ही सारी दोन राजधान्यांतून ठरतात. मुलाची अडचण मात्र हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखीच असते.

त्याच १९५६ सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत ३५० (अ) हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे ते कलम सांगते. मातृभाषेतून शिकणे आणि मातृभाषेतून उत्तर लिहिणे यांची किंमत सीमाभागाला कोणी शिकविण्याची गरज नाही. भूगोल येतो, पण प्रश्न ज्या भाषेत विचारला ती भाषा येत नाही, अशा मुलाला भूगोलात नापास करणे अन्यायाचे आहे, हे आपण गेली कित्येक दशके सांगत आलो. मराठी प्रश्नपत्रिकेला आपण कधी सवलत म्हटले नाही. तिला आपण हक्क म्हणतो. मग ज्या मुलाला प्रश्नपत्रिका डोळ्यांनी वाचता येत नाही, त्याला ती वाचून दाखविणे हीही त्याच न्यायाची दुसरी पायरी नव्हे काय?

शासनाच्या पातळीवर हा विचार सावकाश पुढे सरकला. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने अपंग मुलांचे शिक्षण हा सर्वसाधारण शिक्षणाचाच भाग असावा, असे मत दिले. १९७४ साली केंद्राने एकात्मिक शिक्षणाची योजना आणली. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे १९९५ चा अपंग व्यक्ती अधिनियम. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून अमलात आला. त्याच्या ३१ व्या कलमाने अंध आणि अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना लेखनिक पुरविणे शिक्षणसंस्थांवर बंधनकारक केले. कायद्याच्या पुस्तकात लेखनिकाला जागा मिळाली, ही मोठीच गोष्ट होती.

परंतु त्याच कायद्याच्या ३० व्या कलमात एक तरतूद होती. अंध विद्यार्थ्यांच्या हितासाठी परीक्षेतून निव्वळ गणिती प्रश्न वगळावेत, असा तिचा आशय होता. श्रवणदोष असलेल्या विद्यार्थ्यांनी एकच भाषा घ्यावी, अशीही एक तरतूद होती. हेतू चांगला होता, यात शंका नाही. तरीही येथे थांबून विचार करावयास हवा. वाट मोकळी करणे वेगळे आणि वाटच रद्द करणे वेगळे. अंध मूल टेलर पाटीवर किंवा मणिचौकटीवर उत्तम गणित करू शकते. त्याला गणितातून सूट दिली की त्या वर्षीचे संकट टळते, आणि विज्ञान, वाणिज्य, संगणक यांकडे जाणारे पुढचे रस्ते पंधराव्या वर्षीच बंद होतात. सूट हा शेवटचा उपाय असावा. आधी आकृतीऐवजी उठावाची आकृती देता येते का, प्रश्नाचे शब्दांत वर्णन करता येते का, वेळ वाढवून भागते का, हे पाहावयास हवे.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. अध्ययन-अक्षमता, जिला इंग्रजीत डिस्लेक्सिया वगैरे नावांनी ओळखतात, ती त्यांत नव्हती. डोळे चांगले, कान चांगले, बुद्धी चांगली. परंतु अक्षरांची जुळणी होत नाही, अशी ही मुले. वर्गात त्यांना आळशी ठरविले जाई. महाराष्ट्राने १९९६ च्या सुमारास अशा विद्यार्थ्यांसाठी शालान्त परीक्षेत तरतुदी केल्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी या मुलांची रीतसर तपासणी होऊ लागली. २००७ साली ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला आणि हा विषय घराघरांत पोहोचला.

दरम्यान जगातही विचार बदलत होता. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. त्या करारातील मध्यवर्ती कल्पना ‘वाजवी सोय’ ही आहे. माणसाला व्यवस्थेप्रमाणे वाकविण्याऐवजी व्यवस्थेने आवश्यक तेवढे वाकावे, आणि ती न वाकली तर तो भेदभाव ठरतो, असा तिचा अर्थ. त्यातूनच २०१६ चा दिव्यांगजन हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सातांचे एकवीस प्रकार झाले आणि अध्ययन-अक्षमतेला त्यांत स्थान मिळाले. त्याच्या १७ व्या कलमात परीक्षेतील जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधीच, २६ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी जादा वेळेचे माप घालून दिले होते: दर तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपराला एक तास.

यानंतरचा टप्पा सर्वोच्च न्यायालयाचा. विकास कुमार या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. सनदी सेवांच्या परीक्षेत त्याला लेखनिक नाकारण्यात आला, कारण ठरावीक प्रकारांत आणि चाळीस टक्क्यांच्या मापात तो बसत नव्हता. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निर्णय दिला की, लेखनिकाचा हक्क चाळीस टक्क्यांच्या मोजपट्टीने अडविता येणार नाही. लिहिण्यात खरीखुरी अडचण आहे काय, एवढेच पाहावयाचे. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला अवनी प्रकाश या विद्यार्थिनीच्या प्रकरणात, वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या केंद्रावर तिला जादा तास नाकारणे हा अन्याय असल्याचे न्यायालयाने म्हटले. नियम कागदावर होता, केंद्रावरील माणसांना तो ठाऊक नव्हता. परीक्षेचा न्याय शेवटी वर्गखोलीच्या दारात उभ्या असलेल्या पर्यवेक्षकाच्या हाती असतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

या सोयींनी काय साधते, याचे एक मराठी उदाहरण देतो. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणीच गेली. त्या मुंबईत दादरच्या कमला मेहता अंधशाळेत शिकल्या. ॲना मिलार्ड यांनी १९०० साली लावलेल्या रोपट्याचाच हा वृक्ष. प्रांजल पाटील २०१६ साली सनदी परीक्षा उत्तीर्ण झाल्या. तेव्हा दृष्टीचे कारण सांगून त्यांना रेल्वेच्या लेखा सेवेत घेण्यात आले नाही. पुढच्याच प्रयत्नात त्या १२४ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि २०१९ साली तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. एका शाळेच्या रोपाला हे फळ येण्यास शतकाहून अधिक काळ लागला, हेही विसरू नये.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप, इतर मुलांवर हा अन्याय नव्हे काय? याचे उत्तर आपल्या गावातच आहे. सांबऱ्याला विमानतळ आहे, हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. वैमानिकाची निवड करताना डोळे तपासतात आणि ते योग्यच आहे, कारण त्या कामाला दृष्टी लागतेच. तेथे दृष्टी हाच परीक्षेचा विषय आहे. समाजशास्त्राच्या पेपराला मात्र दृष्टी हा विषय नाही. जो विषय परीक्षेचा आहे त्यात तसूभरही सूट नको. जो विषय परीक्षेचा नाही तो आड येऊ नये. एवढी एक कसोटी लावली की बहुतेक वाद मिटतात. आपल्या भागातील आखाड्यात पंच जोड लावताना वय आणि वजन पाहतात. त्याला कोणी सवलत म्हणत नाही, उलट त्याशिवाय कुस्ती खरी ठरत नाही. आणि वर्गातील कित्येक मुले चष्मा लावून पेपर लिहितात. चष्मा हीही सोयच आहे. ती जुनी झाली, सर्वांच्या नाकावर बसली, म्हणून दिसेनाशी झाली एवढेच.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. लेखनिकच उत्तरे सांगू लागला तर? असे घडू शकते आणि त्यावर नियंत्रण हवेच. म्हणून लेखनिक खालच्या इयत्तेचा असावा, स्वतंत्र खोली असावी, पर्यवेक्षक असावा, असे नियम झाले. परंतु या नियमाची दुसरी बाजूही पाहा. नववीतील मुलाने दहावीचे विज्ञान शिकलेले नसते. परीक्षार्थी ‘अपवर्तनांक’ म्हणतो आणि लेखनिक तो शब्द आयुष्यात प्रथमच ऐकतो. मग एकेक अक्षर सांगावे लागते आणि जादा मिळालेला तास त्यातच जातो. मराठी माध्यमाच्या मुलाला लेखनिकही मराठी नीट लिहिणारा हवा. लबाडी रोखताना प्रामाणिक मुलाचा गळा आवळला जाणार नाही, याची काळजी घेणे हे नियम राबविणाऱ्यांचे काम आहे.

आणि आता आपल्या सीमाभागाचा खास प्रश्न. येथील मराठी शाळेतील मूल मराठी, कन्नड आणि इंग्रजी शिकते. म्हणजे देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या. सामान्य मुलाला ही श्रीमंती आहे आणि तिचा आपल्याला अभिमान असावा. परंतु ज्या मुलाला एकाच लिपीतील अक्षरे जुळविताना घाम फुटतो, त्याच्यापुढे तीन डोंगर उभे राहतात. शिवाय त्याची अडचण ओळखणेही अवघड होते. तो कन्नडमध्ये अडखळला तर ‘घरी कन्नड नाही’ असे म्हणून आपण सोडून देतो. इंग्रजीत अडखळला तर ‘खेड्यातील मूल’ म्हणतो. मराठीत अडखळला तर ‘अभ्यास नाही’ म्हणतो. तीन भाषांची तीन निरनिराळी कारणे आपल्यापाशी तयार असतात आणि त्यांच्याआड खरे कारण लपून राहते. कायद्याने दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट देऊ केली आहे. मात्र येथे राहून कन्नड अजिबात न येणे हे पुढे नोकरी-व्यवहारात जड जाते, हेही आपण जाणतो. म्हणून माझे मत असे की, लेखी पेपरातून सूट घेतली तरी ऐकणे आणि बोलणे यांची संगत सोडू नये. भाषा कानाने येते. अडले असते ते लिपीपाशी.

शाळेने काय करावे, हेही थोडक्यात सांगतो. प्रमाणपत्र, अर्ज आणि मंडळाची मंजुरी यांस वेळ लागतो. परीक्षा तोंडावर आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आठवीत मूल आले की त्याची नोंद व्हावी आणि पालकांना बोलावून समजावून सांगावे. कित्येक पालक ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने प्रमाणपत्रच काढीत नाहीत. त्यांना शिक्षकाचा एक शब्द पुरतो. लेखनिकाची पहिली भेट परीक्षेच्या सकाळी होऊ नये. सांगणे आणि लिहिणे ही दोघांची कला आहे, तिला सराव लागतो. म्हणून घटक चाचणीपासूनच ती जोडी बसवावी. आणि जी मुले लेखनिक होतात त्यांचा शाळेने गौरव करावा. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे, आपली भर न घालता, विश्वासाने कागदावर उतरविणे हे मोठे संस्काराचे काम आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. शाळेला देणगी देण्याची पद्धत चांगलीच आहे. परंतु आपला आवाजही देणगी म्हणून देता येतो. दहावीची पाठ्यपुस्तके स्वच्छ मराठीत वाचून ध्वनिमुद्रित करून ठेवली, तर ती अंध मुलाला, अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला आणि आजारपणामुळे घरी पडलेल्या मुलाला सारखीच उपयोगी पडतील. महिन्यातून एक रविवार येऊन एखाद्या मुलाकडून तोंडी उत्तरांचा सराव करून घेणे, एवढेही पुष्कळ आहे.

मंडळींहो, परीक्षा हे माप आहे. दुकानदाराचा काटा खोटा निघाला तर आपण मालाला दोष देत नाही, काटा दुरुस्त करावयास लावतो. लेखनिक, जादा वेळ आणि वाचून दाखविलेली प्रश्नपत्रिका ही काट्याची दुरुस्ती आहे. ती झाल्यावरही एखादा विद्यार्थी नापास होऊ शकतो. तसे झाले तर निदान तो त्या विषयात नापास झाला, आपल्या डोळ्यांत किंवा बोटांत नापास झाला नाही, एवढे समाधान त्याला आणि आपल्याला मिळेल. ज्या शिक्षकांनी आयुष्यभर उत्तरपत्रिकेच्या पलीकडचे मूल पाहिले, त्यांच्या स्मृतीला याहून योग्य अभिवादन मला सुचत नाही.